मोकळा रस्ता

पाऊस त्या साली जाता जाता रस्त्याची साइडपट्टी घेऊन गेला. डांबराच्या दोन्ही अंगांना मुरमाचा जो पट्टा असतो, पायी चालणारा ज्यावरून चालतो, तो वीटभट्टीच्या वळणावर पार धुऊन निघाला आणि तिथं कंबरभर घळ पडली. डांबर मात्र शाबूत राहिलं. त्यामुळे गाडीत बसून जाणाऱ्याला काही बिघडलंय हे कळायचंही नाही. पायी जाणाऱ्याला एक तर घळीत उतरायचं, नाही तर ट्रकच्या पुढ्यातून चालायचं, एवढंच उरलं होतं.

हा तुकडा आबांचा. आबा रस्त्यावरचे मैलकुली. खड्डे बुजवायचे, झुडपं छाटायची, गटारं मोकळी करायची, मैलाच्या दगडांना चुना लावायचा, हेच काम करता करता त्यांचे केस पांढरे झाले. गाव त्यांना गमतीनं 'रस्त्याचे मालक' म्हणायचं आणि आबांना ते मनातून आवडायचं. कुणी केळीची साल टाकली तर आपल्याच ओसरीवर टाकल्यासारखे ओरडायचे. त्यांची म्हातारी म्हणायची, "एवढं लक्ष घराच्या गळक्या कौलांकडं दिलं असतं तर मला घरात बादल्या मांडाव्या लागल्या नसत्या."

घळ भरायला मुरूम हवा होता. आबांनी मुकादमाला सांगितलं, मुकादमानं साहेबांना सांगितलं, आणि मुरूम काही आला नाही. आबांनी घमेल्यानं माती वाहून टाकली, ती पुढच्याच सरीनं नेली. आणि एका संध्याकाळी भट्टीवरून परत येताना त्यांचा मुलगा त्याच वळणावर ट्रकखाली सापडला. बाजूला व्हायला त्याला जागाच नव्हती. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ट्रकवाला पळाला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं, सगळ्यांच्या पाया पडला, घरी लहान लेकरं आहेत म्हणून रडला, आणि मग पोलिसांत कुणी गेलंच नाही. गावाची रीतच तशी होती. वळणावर याआधीही माणसं पडली होती, पण चौकीच्या खेपा कोण घालणार, म्हणून सगळं आपापसात मिटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाण्याच्या बादल्या घेऊन वळणावर गेले आणि त्यांनी डांबर खराट्यानं घासून धुतलं. मुलाचं रक्त होतं ते. घासताना त्यांना हुंदका आवरेना, पण हात थांबला नाही. रस्ता घाण ठेवायची त्या हाताला सवयच नव्हती.

त्यानंतर आबा कुणाशी फारसं बोलेनात. आपल्याच तुकड्यात आपलंच पोर पडलं, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

अशात एक दिवस मुकादम मोटारसायकल फुरफुरवत आला. वयानं आबांच्या मुलाएवढा, पण पोट पुढाऱ्याचं.

"आबा, परवा रस्त्याची तपासणी आहे. वरची माणसं येतायत. गाडीच्या टपावर कॅमेरे लावलेत, रस्ता टिपत टिपत जातात. मग तारे देतात."

"तारे?"

"हॉटेलला देतात तसे. चांगल्या रस्त्याला जास्त. आपल्या तुकड्याला कमी मिळाले तर साहेब माझी कातडी सोलतील आणि मी तुमची."

"मुरमाचं काही झालं का?"

"मुरूम नंतर बघू हो. आधी रस्ता मोकळा पाहिजे. गुरं नकोत, हातगाड्या नकोत, डोक्यावर ओझी घेतलेल्या बाया नकोत. ती गाडी येईल तेव्हा रस्ता कसा, पाटी पुसल्यासारखा दिसला पाहिजे." मग मुकादमानं आवाज खाली आणला. "आणि तुमच्या पोराचं माझ्या ध्यानात आहे. आपल्या खात्याच्या डेपोच्या फाटकावर बसायला माणूस लागतो. बसून काम, सावलीत. तपासणी नीट पार पडली की साहेबांच्या कानावर घालतो."

भट्टीवरच्या पोराला आता कोण काम देणार, या काळजीनं आबांची झोप उडाली होती. पण घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. हातात पडल्यावर सांगू, उगाच पोराला आशेला लावायला नको.

दोन दिवस आबांच्या अंगात वारं शिरलं. झुडपं छाटली, दगडांना चुना फासला, गटारातला गाळ काढला. मग दारोदार फिरले. भट्टीच्या मालकानं त्या दिवशी काम उशिरा सुरू करायचं कबूल केलं. मास्तरांनी मुलांना शेतातल्या वाटेनं बोलावलं, चिखल तुडवत. दूधवाल्यांनी सायकली घरीच ठेवायचं ठरवलं. भाजीवाली तेवढी कुरकुरली, "एका दिवसाची भाजी सुकेल, ती कोण खाणार? तुमचे तारे?" पण तीही शेवटी राजी झाली. आबांच्या घरावर जे कोसळलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांचा शब्द कुणाला मोडवेना. आदल्या संध्याकाळी बायकांनी तर आपणहून वळणापर्यंतचा रस्ता झाडून काढला. घरात पाहुणे मुलगी बघायला येणार असल्यासारखी गडबड चालली होती.

राहता राहिला मुलगा.

तो रोज सकाळी कुबड्या घेऊन बायकोबरोबर निघायचा. ती भट्टीवर विटा वाहायला जायची. वळणापर्यंत तो तिच्या मागे चालायचा, ती पलीकडे पोचली की एकटाच परत यायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं तो म्हणायचा. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. मागून गाडी आली तर ओरडून सांगायला तिच्यामागे कुणीतरी असावं, एवढ्यासाठी तो काखेत वळ उठेपर्यंत चालायचा.

रात्रीचं जेवण वाढलं होतं. आबा ताटाकडे बघत म्हणाले, "उद्या तेवढा आत बस."

"मी?"

"तपासणी आहे. मोठी माणसं येणार. कुबड्या घेऊन रस्त्यावर... बरं दिसत नाही."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. मुलानं पाण्याचा तांब्या आपल्याकडे ओढला आणि पिता पिता बराच वेळ तोंडाशी धरून ठेवला. सुनेनं खालमानेनं वाढायचं काम चालू ठेवलं. म्हातारीनं मात्र भांड्यावर झाकण असं आपटलं की बाहेरचं कुत्रं उठून बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी आली. टपावर कॅमेऱ्यांचा झुबका, मागे मुकादमाची मोटारसायकल. आबा धुतलेला सदरा घालून, फावडं खांद्याला लावून वळणावर उभे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी संथपणे गेली, पुढच्या नाक्यावरून वळून परत आली आणि आबांच्या समोर झाडाच्या सावलीत थांबली. आतून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या, पायात बूट, उन्हानं चेहरा रापलेला.

"काका, पाणी मिळेल?"

आबांनी आपली बाटली दिली. त्यांनी वरून पाणी प्यायलं, तोंडावर मारलं आणि सरळ शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आबांना ती बाई आवडली.

"रस्ता छान ठेवलाय," त्या म्हणाल्या.

आबांची मान ताठ झाली. "मग तारे किती, मॅडम?"

बाई हसल्या. "तारे ऑफिसात बसून सगळं तपासल्यावर ठरतात. आणि ते एकालाच नसतात, काका. गाडीतल्या माणसाला रस्ता किती धोक्याचा, ते वेगळं. सायकलवाल्याला वेगळं. पायी चालणाऱ्याला वेगळं. रस्ते भरमसाट, पैसा थोडा. म्हणून जिथं माणूस मरायची भीती जास्त, तिथलं काम आधी धरायचं, त्यासाठी ही सगळी खटपट."

"म्हणजे इथं पायवाट होईल? साइडपट्टी?"

"घळ बघितली मी. वळणही आंधळं आहे. पायी चालणारे असते तर इथं पायवाट आणि गाड्यांचा वेग कमी करायला उंचवटे, दोन्ही पहिल्या झटक्यात सुचवलं असतं." बाईंनी दोन्ही बाजूंना बघितलं. "पण इथं कुणी चालतच नाही. जाताना नाही, येताना नाही. पोलिसांकडेही या वळणावरचा एकही अपघात नाही. त्यामुळे पायी चालणाऱ्यांच्या रकान्यात इथं काही भरताच येत नाही."

आबांचे ओठ हलले. त्यांना म्हणायचं होतं, अहो चालतात, सगळं गाव चालतं. पण बाईंच्या मागे मुकादम उभा होता आणि डोळे वटारून मान हलवत होता. डेपोचं फाटक, सावलीतली खुर्ची, त्या खुर्चीवर बसलेलं पोर, सगळं आबांच्या डोळ्यांपुढे आलं.

"ऊन फार आहे आज," आबा म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या. पुढच्या गावच्या विश्रामगृहावर आणखी दोन दिवस मुक्काम आहे, तिकडचे रस्ते व्हायचेत, असं जाता जाता सांगून गेल्या. मुकादमानं आबांच्या पाठीवर थाप मारली. "एक नंबर काम केलंत!"

आबा घरी आले ते भिंतीला टेकून बसले. सदरा काढायचंही त्यांना सुचलं नाही. म्हातारीनं चहा पुढ्यात ठेवला, तो निवला, त्यावर साय धरली.

"काय झालं? तारे पडले का अंगावर?" म्हातारीनं विचारलं.

मग आबांनी सांगितलं. बाई काय म्हणाल्या ते, सगळं. मुकादमानं कबूल केलेल्या कामाचं तेवढं गिळलं. सून दारात उभी राहून ऐकत होती. भट्टीवरून नुकती आली होती, कोपरापर्यंत विटांची लाल धूळ. ती सहसा आबांपुढे बोलायची नाही.

"म्हणजे आबा, त्यांच्या लेखी आम्ही नाहीच?" ती म्हणाली. "रोज जीव मुठीत धरून जातो ते? यांचा पाय गेला तो?"

आबा चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिले.

"आणि रस्ता आम्हीच झाडून दिला," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "त्या वळणावर मी डोळे मिटून झाडलं, आबा. ते तिथं पडले होते ना."

पलीकडच्या खोलीत मुलगा होता. त्यानं ऐकलं असणारच, पण बाजेची एक करकर झाली तेवढीच.

सकाळी आबा कामाचं निमित्त सांगून निघाले आणि फावडं घरीच विसरले. पुढच्या गावापर्यंत त्याच रस्त्यानं पायी गेले. वळणाशी एक ट्रक आला तेव्हा घळीत उतरावं लागलं. पाय घसरला, धोतराला चिखल लागला, तळहात खरचटला. आयुष्यभर या रस्त्यावर ते फावडं घेऊन उभे राहिले होते, आणि फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गाड्या जरा सांभाळून जातात. रिकाम्या हातानं चालणाऱ्याची गत काय होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर बाई कॅमेऱ्यांच्या काचा पुसत होत्या. चिखलातले आबा बघून त्यांनी आधी खुर्ची दिली. आबा बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि एकदा सुरुवात केल्यावर सांगतच सुटले. दूधवाले, मास्तर, भाजीवाली, भट्टी, सगळ्यांना आपण कसं घरात कोंडलं. वळणावर याआधी कोण कोण पडलं. शेवटी मुलाचं आलं आणि त्यांचा आवाज फाटला.

"मी त्याला म्हणालो, आत बस. माझ्याच तोंडानं म्हणालो."

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "काका, तुम्ही एकटे नाही हो. एका गावात तर आमच्या गाडीपुढे बँडवाले चालवले होते. रस्ताभर कॅमेऱ्यात नुसता ढोल." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "चूक माझीही आहे. एवढं मोठं गाव आणि सकाळी रस्त्यावर कुणीच नाही, हे मला खटकायला हवं होतं. मोकळा रस्ता बघून मलाही बरं वाटलं. माणसं चालतात कधी?"

"उजाडलं की."

"उद्या उजाडताना येते. पण कुणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. मला नटलेलं गाव नको, रोजचं हवंय."

"मुकादम?"

"त्यांना सोबत घ्यावंच लागेल, नियम आहे. पण गाडीत बसेपर्यंत कशासाठी ते सांगणार नाही."

आबा पायऱ्या उतरले, पुन्हा वर आले. "मॅडम, माझ्या पोराला एक काम मिळणार होतं, यानं ते जाईल." मग त्यांनाच वाटलं, हे आपण या बाईंना का सांगतोय? "जाऊ दे. या तुम्ही."

तो दिवस आबांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. पोटात गोष्ट ठेवायची त्यांना सवय नव्हती. रस्त्यावर बैल सुटला तरी त्याची खबर गावभर तेच द्यायचे. संध्याकाळी म्हातारीनं दोनदा विचारलं, "पोट बिघडलंय का?" आबा "हो" म्हणाले आणि वर तिचा काढा प्यावा लागला.

उजाडलं. धुकं होतं. आबा फावडं घेऊन वळणाच्या अलीकडे गटाराशी काहीतरी उकरत बसले. एकेक करून माणसं येऊ लागली. दूधवाले आले, कॅन खडखडवत. पाटीखाली मान आखडलेली भाजीवाली आली. शाळेची मुलं एकमेकांना ढकलत डांबराच्या मधोमध चालली होती. एरवी आबा खेकसले असते. मग भट्टीच्या बायका, जेवणाचे डबे काखेत मारून, बोलत, हसत. त्यांत सून. आणि तिच्या मागे, थोडं अंतर ठेवून, कुबड्यांची टक टक.

धुक्यातून पांढरी गाडी हळूहळू येताना दिसली. आबांच्या जिभेवर जन्मभराचे शब्द आले, "बाजूला व्हा, साहेबांची गाडी!" त्यांनी दात आवळले. गाडीपुढे सायकली चालल्या होत्या, मुलं चालली होती, बायका चालल्या होत्या. गाडी त्यांच्या चालीनं मागून येत होती.

मुलानं मागे वळून बघितलं. टपावरचे कॅमेरे त्यानं ओळखले. तो क्षणभर थांबला आणि मग कुबड्या वळवून डांबर सोडून घळीकडे निघाला. आबांना आधी कळेना, हा करतोय काय. एक कुबडी त्यानं खाली टाकली, घळीच्या काठावर टेकला आणि बसल्या बसल्या घसरत खाली उतरू लागला. दिसायला नको म्हणून. बापाची अब्रू जायला नको म्हणून.

फावडं टाकून आबा धावले. त्या वयात ते तसे धावतील असं कुणाला वाटलं नसतं. घळीच्या काठाशी गुडघ्यांवर बसून त्यांनी हात खाली केला.

"वर ये."

"आबा, गाडी आलीय. कॅमेरे आहेत."

"म्हणूनच म्हणतो, वर ये."

"तुम्हीच म्हणालात ना, बरं दिसत नाही—"

"चुकलो मी!" आबा ओरडले. पुढे गेलेल्या बायका थांबून बघू लागल्या. "चुकलो रे. चुकलो. ये. दिसू दे सगळ्यांना."

मुलगा खालून त्यांच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर चिखलाचे शिंतोडे उडाले होते. सून परत पळत आली, तिनं कुबडी उचलली. आबांनी दोन्ही हातांनी मुलाला काखेत धरून वर ओढलं, लहानपणी विहिरीच्या पायरीवरून ओढायचे तसंच. दोघंही धापा टाकत डांबरावर उभे राहिले. गाडी त्यांच्या मागे थांबली होती.

खिडकीतून मुकादमाचं लालबुंद तोंड बाहेर आलं. "आबा, हे तुम्ही केलंत होय! आता पोराच्या कामाचं विसरायचं! फाटकाजवळही उभा करणार नाही!"

"कसलं काम, आबा?" मुलानं विचारलं.

"सांगतो," आबा म्हणाले. "आधी चाल."

"कुठं?"

"वळणापर्यंत. रोज जातोस तसा."

मुलानं कुबड्या काखेत घेतल्या. सून पुढे झाली. आबा त्याच्या एका अंगाला, घळीच्या नाही, ट्रक येतात त्या अंगाला, चालू लागले. मुलाला वेळ लागत होता. दर चार पावलांवर तो थांबत होता, दम घेत होता, आणि आबा त्याच्याबरोबर थांबत होते. मागे गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. मुकादम काहीबाही बोलत होता, मग त्यानं काच वर घेतली. वळण संपून सून पलीकडे पोचेपर्यंत गाडी मागून त्यांच्याच चालीनं येत राहिली, आणि हॉर्न कुणी वाजवला नाही.